विकिपीडियावर ब्लॉक झालात? परतीचा अर्ज असा लिहा

विकिपीडियावर लिहिणाऱ्या माणसाचे खाते ब्लॉक झाले की पहिल्या तासाभरात तो तीनपैकी एक गोष्ट हमखास करतो. ब्लॉक करणाऱ्या प्रचालकाला चार खरमरीत शब्द सुनावतो, मित्राच्या नावाने नवे खाते उघडतो, नाहीतर ‘इथे आपल्या माणसाला काही करू देत नाहीत’ अशी पोस्ट फेसबुकवर टाकतो. राग समजण्यासारखा आहे. रात्री जागून, पदरमोड करून, एक पैसा न घेता लिहिलेले कोणीतरी पुसून टाकते आणि वर दारही बंद करते, हे कोणालाही झोंबेल. पण या तिन्ही गोष्टींनी परतीचा रस्ता लांबतो, आणि दुसऱ्या गोष्टीने तो बहुतेक वेळा बंदच होतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण या पट्ट्यातल्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्या काळात लेथवर उभे राहिलेले, युनियनच्या सभांना गेलेले, गावाची शेते एमआयडीसीत जाताना पाहिलेले लोक आज निवृत्त आहेत आणि त्यांची मुले मोबाइलवर मराठी सहज टाइप करतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण नियमित लिहिणारे हात अजूनही मोजकेच आहेत. इथल्या गावांवर, कारखान्यांवर, कामगार चळवळीवर लिहिण्यासारखे ढीगभर शिल्लक आहे. अशा वेळी एखादा जाणकार माणूस एका चुकीने कायमचा बाहेर राहणे, हे त्याच्यापेक्षा मराठीचे नुकसान आहे असे मला मनापासून वाटते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. विकिपीडियावर ब्लॉक ही शिक्षा नसते, खबरदारी असते. पुढचे नुकसान थांबावे एवढाच तिचा उद्देश, आणि हे तिथल्या धोरणात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे तुमचा अर्ज वाचणाऱ्या प्रचालकाच्या मनात एकच प्रश्न असतो: ब्लॉक काढला तर हेच पुन्हा होईल का? अर्जातले प्रत्येक वाक्य या प्रश्नाला उत्तर देत असेल तर ठेवा, नसेल तर खोडा. ‘मी इतिहासाचा अभ्यासक आहे’, ‘माझा हेतू चांगला होता’, ‘मी शंभर लेखांत भर घातली’ ही वाक्ये खरी असली तरी त्या प्रश्नाचे उत्तर नाहीत.

लिहायला बसण्याआधी ब्लॉकची सूचना शांतपणे वाचा. संपादन करायला गेलात की जो मजकूर दिसतो त्यात बरेच काही असते: कोणी ब्लॉक केले, कारण काय, कधीपासून, कधीपर्यंत आणि ब्लॉकचा क्रमांक. बहुतेक जण लाल पट्टी पाहून पान बंद करतात आणि मग ‘काहीही कारण न देता ब्लॉक केले’ असे लिहितात. कारण तिथेच असते, आणि नोंद सर्वांना दिसत असल्याने हे वाक्य खोटे पडते. मुदत चोवीस तासांची किंवा दोन-तीन दिवसांची असेल तर अर्जाच्या भानगडीत पडू नका. तुमचा अर्ज कोणी वाचेपर्यंत ती संपलेली असेल. मुदत ‘अनिश्चित’ असेल तर घाबरू नका. अनिश्चित म्हणजे कायमचा नव्हे. कोणाची तरी खात्री पटेपर्यंत, एवढाच त्याचा अर्थ. काही वेळा ब्लॉक अंशतः असतो, म्हणजे एखाद-दुसऱ्या पानापुरता. बाकी सगळीकडे तुम्ही लिहू शकता आणि तिथे नीट काम करत राहणे हाच उत्तम अर्ज.

आता आपल्या पट्ट्यातली एक खास अडचण. चाकण, कुरुळी, निघोजेकडे कॉट बेसिसवर राहणारी सहा-सहा मुले एकच वाय-फाय वापरतात. कंपनीच्या कँटीनमध्ये, आयटी पार्कात, कॉलेजच्या लॅबमध्ये शेकडो लोक बाहेरच्या जगाला एकाच अंकपत्त्याने (आयपी ॲड्रेसने) दिसतात. मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. त्यामुळे कधी कधी ब्लॉक तुमच्यावर नसतोच. त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कोणी तरी उद्योग केलेले असतात आणि तुम्ही त्यात सापडता. सूचनेत तुमच्या सदस्यनावाऐवजी आकड्यांचा पत्ता किंवा पत्त्यांचा पट्टा दिसला, किंवा ‘आपोआप झालेला’ ब्लॉक असे लिहिलेले दिसले, तर हा प्रकार समजा. आपोआप होणारा ब्लॉक साधारण चोवीस तासांत जातो. फोनमधला व्हीपीएन आधी बंद करा, कारण व्हीपीएनचे पत्ते विकिपीडियाच्या सगळ्याच प्रकल्पांवर सर्रास बंद केलेले असतात. काही कंपन्यांचे इंटरनेट परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येते, तिथेही हेच होते. अशा वेळी घरच्या जोडणीवरून प्रयत्न करा. तरीही अडलेच तर ब्लॉकचा क्रमांक देऊन प्रचालकाला एवढेच कळवा की हा सामायिक पत्ता आहे, माझे खाते वेगळे आहे. इथे माफी मागायची गरज नाही, कारण तुम्ही काही केलेलेच नाही.

निगडी-आकुर्डीच्या कॉलेजांत कार्यशाळा घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका पत्त्यावरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याला नकार मिळतो तो ब्लॉक नसतो, ती मर्यादा असते. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी घरून खाती उघडून यायला सांगा, किंवा आयोजकाने आठवडाभर आधी मर्यादा शिथिल करण्याची विनंती करावी.

सामायिक खोलीचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. तुमचे खाते ब्लॉक झाले, रूम पार्टनर म्हणाला, ‘माझ्या नावाने लिही’, आणि तुम्ही लिहिलेत. किंवा वाद सुरू असताना पाच मित्रांनी त्याच रात्री नवी खाती उघडून तुमच्या बाजूने मते टाकली. यात आपण काही वाकडे करतो असे मुलांना वाटतच नाही, दोस्तीखातर केलेली मदत वाटते. पण तिकडून पाहणाऱ्याला एकाच पत्त्यावरून, एकाच जातीच्या फोनवरून, एकाच धाटणीचे लिहिणारी खाती दिसतात. तपासणीचा अधिकार असलेल्यांना साधारण तीन महिन्यांपर्यंतची तांत्रिक नोंद पाहता येते. ज्या छोट्या प्रकल्पांवर असे अधिकारी नाहीत तिथे स्ट्युअर्ड नावाचे जागतिक स्वयंसेवक ती तपासणी करतात. इंग्रजी विकिपीडियावर तर अनिश्चित ब्लॉकनंतर दोनदा असे पळवाटीचे खाते सिद्ध झाले की तुम्ही संपूर्ण समुदायाने बंदी घातलेले सदस्य मानले जाता. मग एकट्या प्रचालकाने मनात आणले तरी तो ब्लॉक काढू शकत नाही, समुदायापुढे प्रकरण न्यावे लागते. मूळ चूक संदर्भ न देण्यासारखी, क्षुल्लक असते. आणि बंदी या नव्या खात्यांमुळे. म्हणून कळकळीने सांगतो, नवे खाते उघडू नका. उघडून बसला असाल तर ते आजपासून वापरणे थांबवा आणि अर्जात स्वतःहून सगळ्या खात्यांची नावे द्या. त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेत, याला तिथे फार वजन असते.

अर्ज लिहायचा कसा हे चाकणच्या कोणत्याही व्हेंडर कंपनीत क्वालिटीला काम केलेल्या माणसाला खरे तर ठाऊक असते. ग्राहक कंपनीने लॉट रिजेक्ट केला की आपण एट-डी रिपोर्ट देतो. त्यात ‘दुसऱ्या व्हेंडरचे पार्टही असेच येतात’ असे कोणी लिहीत नाही. ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढ्यावरही ग्राहक गप्प बसत नाही. दोष नेमका काय, तो कशामुळे आला, लाइनवर आणि स्टोअरमध्ये असलेला बाकीचा माल तपासला का, पुन्हा येऊ नये म्हणून पद्धतीत काय बदलले, हे त्याला हवे असते. ब्लॉकवरचा अर्ज याच क्रमाने लिहा.

उदाहरण घेऊ. समजा तुम्ही चाकणच्या संग्रामदुर्गावर लिहिलेत. १६६० साली शाहिस्तेखानाने किल्ल्याला वेढा घातला आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळपास दोन महिने झुंजवला, ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. पण ती तुम्ही एका दैनिकाच्या पुरवणीतून परिच्छेदच्या परिच्छेद उचलून टाकलीत. तो परिच्छेद त्या लेखकाचा आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे त्याच्या शब्दांवर प्रताधिकार राहतो, आणि विकिपीडियावरचा मजकूर तर कोणीही, अगदी विकण्यासाठीसुद्धा, पुन्हा वापरू शकेल अशा परवान्याखाली जातो. दुसऱ्याचे शब्द त्या परवान्याखाली देण्याचा अधिकार तुम्हाला नसतो. एकदा ताकीद मिळाली, तुम्ही ती वाचली नाही, पुन्हा तसेच केले आणि ब्लॉक झाला.

यावर येणारा नेहमीचा अर्ज असा असतो: ‘मी आपल्या शिवरायांच्या किल्ल्याची माहिती जगासमोर आणत होतो. मला नियम माहीत नव्हते. इतर कितीतरी लेखांत कॉपी आहे, त्यांना कोणी काही म्हणत नाही. कृपया त्वरित अनब्लॉक करावे.’ भावना खरी आहे, पण पुढच्या वेळी हा माणूस काय वेगळे करणार हे यातून कळत नाही. शिवाय इतरांची चूक दाखवल्याने आपली पुसली जात नाही.

तोच माणूस असे लिहू शकतो:

‘माझे खाते प्रताधिकारभंगासाठी अवरोधित झाले आहे आणि ते योग्य आहे. संग्रामदुर्ग या लेखात मी एका दैनिकाच्या पुरवणीतले तीन परिच्छेद जसेच्या तसे घातले. खाली संदर्भ दिला की मजकूर घेता येतो, असा माझा समज होता. धोरण वाचल्यावर कळले की संदर्भ माहितीला द्यायचा असतो आणि शब्द स्वतःचे लागतात. चक्रेश्वर मंदिराबद्दलच्या मजकुरातही मी एका पुस्तकातले पान उतरवले आहे. ते अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही, कृपया काढून टाकावे. यापुढे मी आधी वाचून, पुस्तक मिटून, माझ्या शब्दांत लिहीन आणि पहिले काही परिच्छेद धूळपाटीवर ठेवून कोणाकडून तरी पाहून घेईन. नमुना म्हणून संग्रामदुर्गावरचा एक परिच्छेद संदर्भासह खाली लिहिला आहे.’

आणि खाली तो परिच्छेद खरोखर लिहिलेला असावा. दहा वाक्यांच्या वचनापेक्षा पाच ओळींचा नमुना जास्त काम करतो. चक्रेश्वराची कबुली पाहा. ती द्यायला मन धजावत नाही, कारण स्वतःच्या विरुद्ध पुरावा दिल्यासारखे वाटते. पण वाचणाऱ्याची खात्री नेमकी तिथेच पटते, कारण बाकीचा खराब माल तुम्ही स्वतः शोधून बाजूला काढला आहे.

प्रताधिकाराबाबत विकिपीडियावाले एवढे कडक का, यामागे पुण्याचाच एक धडा आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम सुरू केला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एसएनडीटी अशा संस्था त्यात होत्या. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तके आणि संकेतस्थळांवरचा मजकूर इतक्या मोठ्या प्रमाणात उतरवला की नोव्हेंबर २०११ मध्ये उपक्रम आटोपता घ्यावा लागला, आणि जगभरचे स्वयंसेवक पुढे कित्येक महिने ते निस्तरत बसले. मुलांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. असाइनमेंट म्हणजे उतरवून काढणे, हे आपण त्यांना शाळेपासून शिकवलेले असते. पण ज्याने ती सफाई केली आहे तो प्रचालक ‘चुकून झाले’ या शब्दांवर भाळत नाही.

अर्ज कुठे टाकायचा? तुमच्या स्वतःच्या सदस्य चर्चा पानावर. ब्लॉक असतानाही सहसा तेवढे एक पान उघडे ठेवलेले असते. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी ‘अनब्लॉक’ नावाचा साचा आहे. तो लावला की अर्ज आपोआप यादीत जातो आणि ज्याने ब्लॉक केले त्याच्याऐवजी दुसरा प्रचालक तो पाहतो. मराठीवर साचा सापडला नाही तरी अडत नाही. ‘ब्लॉक काढण्याची विनंती’ असा मथळा देऊन लिहा, प्रचालकाच्या सदस्यपानाचा दुवा द्या आणि शेवटी चार टिल्ड टाकून सही करा. दुवा आणि सही एकाच वेळी जतन झाली तरच त्याला सूचना जाते. सही विसरलात आणि नंतर जोडलीत तर जात नाही, आणि तुम्ही आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसता. मोबाइलवर ‘उत्तर द्या’ वापरलेत तर सही आपोआप पडते. चर्चा पानही बंद केलेले असेल तर प्रचालकाच्या सदस्यपानावरून ईमेल पाठवण्याची सोय बहुधा उरते, आणि इंग्रजीवर अशा लोकांसाठी स्वतंत्र अर्जव्यवस्था आहे.

भाषेची लाज बाळगू नका. मोडक्या इंग्रजीतला प्रामाणिक अर्ज चालतो. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला गुळगुळीत अर्ज मात्र टाकू नका. त्यात तुमच्या लेखाचे नाव नसते, नेमकी चूक नसते, नुसती ‘समुदायाच्या मूल्यांप्रती बांधिलकी’ असते. प्रचालकांना असे मसुदे आता इतके दिसतात की ते पहिल्या दोन ओळींत ओळखतात.

या पट्ट्यात ब्लॉक होण्याचे आणखी एक कारण म्हणजे कंपनी. भोसरीतल्या एखाद्या उद्योजकाचा भाचा किंवा एचआरमधली मुलगी कंपनीच्याच नावाने खाते उघडते आणि ‘अत्याधुनिक यंत्रसामग्रीने सुसज्ज, गुणवत्तेशी तडजोड न करणारी’ असा लेख लिहिते. तासाभरात लेख जातो आणि खातेही. इथे तीन वेगळ्या चुका आहेत, आणि अर्जात तिन्हींचे उत्तर द्यावे लागते. एक तर खाते व्यक्तीचे असते, संस्थेचे नाही. म्हणून नवे नाव सुचवा, नाव बदलून मिळते. दुसरे, कामाचा भाग म्हणून किंवा पैसे घेऊन लिहीत असाल तर ते उघड सांगणे २०१४ पासून वापराच्या अटींतच बंधनकारक आहे. पगार मिळतो म्हणून लिहिलेत तर तेही पैसे घेऊन लिहिणेच. ‘मला या लेखाचे वेगळे पैसे मिळाले नाहीत’ हा बचाव टिकत नाही. तिसरे, आयएसओ प्रमाणपत्र आणि व्हेंडर मीटमध्ये मिळालेली ढाल यांनी कंपनी उल्लेखनीय ठरत नाही. तिच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह माध्यमांनी तिच्यावर सविस्तर लिहिलेले असावे लागते. माझा सल्ला स्पष्ट आहे: अर्जात लिहा की मी माझ्या कंपनीच्या लेखाला हात लावणार नाही, फार तर चर्चा पानावर दुरुस्ती सुचवेन. आणि मग फाउंड्रीवर, फोर्जिंगवर, सीएनसीवर लिहा. ते ज्ञान तुमच्याकडे आहे आणि मराठीत त्याची खरीखुरी टंचाई आहे.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातले, महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. चाकणपासून तुळापूर लांब नाही. इंद्रायणी आणि भामा जिथे भीमेला मिळतात त्या ठिकाणाविषयी आपल्या मनात काय आहे ते वेगळे सांगायला नको. अशा विषयात चुकीचे किंवा एकांगी काही दिसले की हात शिवशिवतात. पण मजकूर पुसून टाकला, कोणी परत आणला, पुन्हा पुसला, असे एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा केले की इंग्रजी विकिपीडियावर ब्लॉक होतो, मग तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर असो. अशा वादाच्या पानांना अनेकदा ५०० संपादने आणि ३० दिवस पूर्ण केलेल्यांनाच लिहिता येईल असे संरक्षण दिलेले असते. या कारणाने ब्लॉक झाला असाल तर अर्जात इतिहासाचा वाद घालू नका. तुमचे मत बरोबर होते हे तिथे सिद्ध करायचे नसते. पुढच्या वेळी मजकूर न पुसता चर्चा पानावर संदर्भग्रंथ, पृष्ठक्रमांक देऊन मुद्दा मांडीन, एवढे सांगायचे असते. ‘वकिलाची नोटीस पाठवतो’, ‘पोलिसांत जातो’ असे चर्चेत लिहिले असेल तर ते शब्द आधी स्पष्टपणे मागे घ्या. कोर्टात जाणे हा तुमचा हक्क आहे आणि तो कोणी काढून घेत नाही, पण कारवाईची धमकी उभी असेपर्यंत इंग्रजी विकिपीडियावर ब्लॉक उठत नाही. ज्या माणसाकडे खरोखर समकालीन साधने आहेत, कमल गोखले, वा. सी. बेंद्रे यांचे संशोधन वाचलेले आहे, त्याने आत राहून पृष्ठक्रमांकासह लिहिणे ही संभाजी महाराजांची मोठी सेवा आहे, आणि ब्लॉक झालेल्या खात्यातून ती होत नाही.

अर्ज फेटाळला गेला तर लगेच दुसरा टाकू नका. नकाराचे कारण वाचा, त्यातल्या एका तरी मुद्द्यावर काही नवे सांगण्यासारखे असेल तरच लिहा. तेच तेच अर्ज येत राहिले की चर्चा पानही बंद होते. गंभीर प्रकरणांत इंग्रजी विकिपीडियावर एक रूढ तोडगा आहे: सहा महिने दूर राहा, त्या काळात एकही पळवाटीचे खाते वापरू नका, मग पुन्हा या आणि वागणे बदलेल असे सांगा. सहा महिने फार वाटतात. पण ते रिकामे घालवायचे नसतात. एका विकीवरचा ब्लॉक दुसऱ्या विकीवर लागू होत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर तुम्ही स्वतः काढलेली छायाचित्रे चढवू शकता: चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधी मंदिर, चापेकरांचा वाडा, संग्रामदुर्गाची उरलेली तटबंदी, देहूचा इंद्रायणीकाठ. फोटो तुमचाच हवा, गुगलवरून उतरवलेला नको. नाहीतर तिथेही तीच गत. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकार संपलेल्या जुन्या पुस्तकांचे मुद्रितशोधन चालते. ते किचकट काम आहे, पण संध्याकाळी तासभर बसणाऱ्या निवृत्त माणसाला मी तरी त्याहून चांगले काम सुचवणार नाही. सहा महिन्यांनी अर्ज करताना या कामाचा दुवा द्या.

मराठी विकिपीडियासारख्या छोट्या घरात एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रचालक थोडे, त्यांना पगार नाही, त्यांचीही नोकरी-घर आहे. ज्याने ब्लॉक केले त्याच्याच हाती तुमचा अर्ज पडू शकतो, आणि उत्तराला आठवडे लागू शकतात. अशा वेळी दुसऱ्या प्रचालकाला सभ्य भाषेत, एकदाच, ईमेलने कळवणे योग्य आहे. चावडीवर, म्हणजे विकीच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, तुमच्या वतीने भांडायला मित्र पाठवणे योग्य नाही. स्ट्युअर्डांकडे धाव घेऊन फारसे हाती लागत नाही. जिथे स्थानिक प्रचालक आहेत तिथल्या ब्लॉकमध्ये ते सहसा पडत नाहीत. खाते सगळ्याच प्रकल्पांवर कुलूपबंद झाले असेल तरच त्यांच्याकडे जायचे असते. प्रचालकाने शिवीगाळ केली, जातीवरून, लिंगावरून हिणवले असे काही असेल तर ते वेगळे प्रकरण आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेली विकिमीडियाची सार्वत्रिक आचारसंहिता प्रचालकांनाही लागू आहे. तिथे गप्प बसू नका, पुराव्याचे दुवे जपून ठेवा आणि ती तक्रार ब्लॉकच्या अर्जात न मिसळता स्वतंत्र करा.

विकिपीडियाबाहेर, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर रस्ते-वस्त्या रेखाटणाऱ्यांसाठीही दोन ओळी. चाकणचे नवे रस्ते गुगल मॅप्सवरून पाहून काढले, ही तिथली मोठी चूक. तिथे कधी शून्य तासांचा ब्लॉक लागतो: लॉग इन करून संदेश वाचला की तो आपोआप उठतो. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की संदेश वाचावा आणि बदलसंचावर (चेंजसेटवर) विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे. ब्लॉकची अनेक प्रकरणे केवळ उत्तर न दिल्यामुळे चिघळतात.

अर्ज लिहून झाला की रात्री लगेच टाकू नका. झोपून उठा, सकाळी पुन्हा वाचा, त्यातला ‘पण’ने सुरू होणारा प्रत्येक शब्दसमूह काढा आणि मग जतन करा. ब्लॉक उठला तर नव्या लेखाच्या मागे लागण्याआधी ज्या लेखात चूक झाली होती तिथे जा. तो स्वतःच्या शब्दांत, संदर्भ देऊन नीट लिहा, आणि ज्याने ब्लॉक केले होते त्याला एकदा पाहायला सांगा.